आजीची बाजू

"सोमवारपासून पोर सरकारी शाळेच्या बसने जाईल. माझं ठरलंय," वर्ला म्हणाली आणि ताटातल्या मांसाच्या तुकड्यावर सुरी चालवली.

जनेल या घरची सून, वर्ला तिची सासू. अमेरिकेतल्या आयडाहोच्या गव्हाच्या टेकड्यांवर वर्लाने एकदा ठरवलं की पाऊससुद्धा आपला बेत बदलतो, असं गावात म्हणत. जनेलने नवऱ्याकडे पाहिलं. डेलने बटाट्यांत डोकं घातलं. चाळिशी उलटली तरी आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली.

"आई, एवढं वर्ष तरी..." जनेल म्हणाली.

"कशाला? मेलेल्या लोकांची भाषा शिकायला? लॅटिन ऐकून गाय जास्त दूध देते का? चर्चची शाळा म्हणून गप्प बसले. म्हटलं, देवाचं भय शिकवतील. तर तिथे पोरांना वाद घालायला शिकवतात!"

वादाचं नाव निघालं आणि जनेलने आपल्या लेकीकडे, तिर्झाकडे, पाहिलं. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तेरा वर्षांच्या तिर्झाने भर पंगतीत आजीचं बोलणं खोडून काढलं होतं. वर, आजीच्या तर्कातली चूक कुठल्या जातीची आहे, तेही लॅटिनमध्ये सांगितलं होतं. आजीने महिनाभर अबोला धरला. आज पोरगी तसलं काही बोलली तर शाळा संपलीच.

तिर्झाने काटा खाली ठेवला. "आजी, मी बोलू?"

"बोल बाई. बघू तरी, काय दिवे लावलेत."

जनेलने टेबलाखालून लेकीचा पाय दाबला. तिर्झाने पाय काढून घेतला.

"आमच्या बाई म्हणतात, समोरच्याला उत्तर द्यायचं तर आधी त्याची बाजू त्याच्याहून नीट मांडायची. तो 'होय, हेच' म्हणेपर्यंत आपल्याला तोंड उघडायचा हक्क नाही. शेजाऱ्यावर प्रेम करायचं ते तिथून सुरू होतं, म्हणतात. म्हणून आधी तुझी बाजू मांडते."

"मांड. मोडू नकोस म्हणजे झालं."

"तू लॅटिनला नावं ठेवतेस, पण तुला लागलंय ते दुसरंच." तिर्झा खुर्चीत आजीकडे वळली. "भावंडं सांभाळायला तू आठवीत शाळा सोडलीस. तुझ्या थोरल्या मुलाला, रसेलकाकांना, मात्र खूप शिकवलंस. आता ते फोनवर तुझ्याशी सावकाश बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसे. फोन ठेवलास की तू कोठारात जाऊन बसतेस. मीही एक दिवस तशीच बोलेन, ही तुझी भीती आहे. आणि थँक्सगिव्हिंगला मी तशीच बोलले."

डेलचा काटा हवेतच राहिला. जनेलने डोळे मिटले. रसेलचा विषय या टेबलावर कोणी काढत नसे.

वर्लाने रुमालाने तोंड पुसलं. जरा जास्तच वर, पार डोळ्यांपर्यंत.

"होय," ती म्हणाली. "हेच."

तिर्झाने श्वास घेतला. "आता माझी बाजू. पहिला मुद्दा..."

"पुरे!" वर्ला उठली. "जनेल, सोमवारी हिला हिच्याच शाळेत सोड."

"पण आजी, माझी बाजू मी मांडलीच नाही!"

"मांडलीस की," वर्ला म्हणाली. "माझी मांडलीस, तेव्हाच."