वरचं तेल

मुलगा काट्यावरून उतरला, पुन्हा चढला. आकडा तोच. मग त्यानं खिशातला मोबाइल काढला, किल्ल्या काढल्या, बूट काढले आणि आणखी एकदा चढून पाहिलं, जसं काही सगळं वजन बुटांतच लपून बसलं होतं!

"राहू दे आता," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "बस."

तो बसला. शेजारच्या खुर्चीत त्याची आई, मांडीवर जेवणाचा डबा धरून. वडील दोन मजले वर, वॉर्डात. त्यांचं यकृत पार निकामी झालेलं. आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकेल असा घरात हा एकटाच, पण याच्या यकृतावरच चरबी. वजन उतरव, चरबी गेली की लगेच ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा हातात वेळ होता. आज सकाळी तेच डॉक्टर म्हणाले होते, फार तर तीन आठवडे.

बाईंनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "चरबी होती तेवढीच आहे."

"मॅडम, मी बेकरीत कामाला आहे," मुलगा म्हणाला. "दिवसभर केक डोळ्यांसमोर. देवाशप्पथ सांगतो, क्रीमचं बोटसुद्धा चाटलं नाही. रोज तासभर चालतो, जिने चढतो. भात मोजून, भाजी मोजून. तेल तर मी स्वतः चमच्यानं काढून आईच्या हातात देतो. माझं शरीरच हरामखोर आहे, दुसरं काय!"

"असं बोलू नये रे," आई पुटपुटली.

बाईंचे केस याच कामात पांढरे झाले होते. थापा मारणारे पेशंट त्यांनी पोत्यानं पाहिले होते, आणि हा थापा मारत नव्हता. त्यांची नजर आईच्या मांडीवर गेली.

"आजचं जेवण का? बघू."

"साधंच आहे हो, घरचं," आई म्हणाली. डबा मात्र तिनं लगेच पुढे केला नाही.

बाईंनी झाकण काढलं. फरसबी, गाजर, भात. त्यांनी एक कागदी रुमाल घेतला आणि भातावर अलगद दाबला. उचलला तेव्हा तेलानं भिजलेल्या त्या रुमालातून त्यांची बोटं आरपार दिसत होती.

आधी मुलाच्या लक्षातच आलं नाही. मग म्हणाला, "आई, मी एकच चमचा काढून देतो ना?"

आई झाकणाशी चाळा करत राहिली.

"तू आंघोळीला गेलास की मी वरून एक डाव घालायची," ती म्हणाली. "भातात थोडं लोणी. रोज नाही..." ती थांबली. "रोजच. अरे, तोंड बघ की तुझं, एवढंसं झालंय! मैद्याची पोती उचलतोस तू. तो पाला खाऊन माणूस जगतो का? त्यांचं हे असं झालेलं, त्यात तूही अंथरूण धरलंस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"आणि मी वेडा तुला म्हणायचो, आई, तुझ्या हातचं बिनतेलाचंही गोड लागतं."

"म्हणायचास," आई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बाईंना राग आला होता, पण असला राग काढायचा कुणावर? "मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "याला उपाशी ठेवा असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. पोटभर जेवायचं, फक्त मोजून. एक डाव तेल म्हणजे याचं तासभराचं चालणं. हा रोज चालून घालवत होता आणि तुम्ही रोज परत भरत होता."

"आजपासून थेंब नाही घालणार. आईची शपथ. मग किती दिवस लागतील?"

"दोन महिने तरी."

आईनं बोटांवर काही मोजायला घेतलं आणि मध्येच हात मिटला.

"चल," मुलगा म्हणाला. "बाबा वाट बघत असतील."

जिन्यात आईनं त्याची बाही धरली. "मीच सांगते त्यांना. माझ्या हातून झालंय, मीच सांगायला हवं." तिच्या हातातला डबा त्यानं आपल्याकडे घेतला आणि वर चढू लागला.

वडील उशीला टेकून बसले होते. डोळे पिवळेधमक, हातांच्या काड्या झालेल्या. तरी मुलाला बघून हसले. "या पहिलवान! काय म्हणतोय काटा?"

आई पलंगाची कड धरून उभी राहिली. "अहो, ऐका, मी काय केलं..."

"बाबा, मी चोरून खात होतो," मुलगा मध्येच म्हणाला. "बेकरीत. केक, बिस्किटं, मिळेल ते. राहवलंच नाही मला."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

वडिलांना लागलं असणारच, माणूसच ते. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी हात लांबवून मुलाचा हात थोपटला.

"जाऊ दे रे. खाल्लंस तर खाल्लंस."

आई आता हुंदके देत होती. वडिलांनी तिला जवळ ओढून बसवलं.

"अगं, रडतेस काय? आणि घरी गेल्यावर त्याला बोलू नकोस हं," ते म्हणाले. "भूक लागत असेल बिचाऱ्याला. जरा नीट जेवायला घालत जा."