कड्यातला कमी पडलेला ठिपका

उपग्रहाचं चित्र क्रिसांताच्या मेजावर पसरून लिगियाने चार कोपऱ्यांवर चार लिंबं ठेवली. आभाळातून पडलेल्या अशनीचं विवर केव्हाच जमिनीखाली गाडलं गेलं होतं. वरून दिसत होतं ते त्याच्या कडेचं सेनोतेंचं कडं. खडक खचून झालेल्या त्या खोल विहिरी चित्रात ठिपक्यांसारख्या होत्या.

त्यातल्याच एका सेनोतेत क्रिसांताचा मुलगा इसाउरो बुडाल्याचं सगळं गाव सांगे. प्रेत मिळालं नाही. नेमकी जागा फक्त तिच्या नवऱ्याला, नसारियोला ठाऊक होती; आपल्या रानात आहे, एवढंच तो सांगे. बाईमाणसाने तिथे पाऊल ठेवू नये, असं तो म्हणे. दरवर्षी मृतांच्या दिवशी क्रिसांता पिब करी, म्हणजे कोंबडी भरलेली मक्याची जाड रोटी, जमिनीत पुरून भाजलेली. नवरा ती सायकलला बांधून पाण्याला वाहायला नेई आणि संध्याकाळी रिकामं फडकं घेऊन परते.

आईला मुलाची जागा निदान चित्रात तरी दिसावी, म्हणून लिगिया आज, मृतांच्या दिवशीच, मुद्दाम आली होती.

"राहू दे गं, मला कुठलं दिसतंय," क्रिसांता म्हणाली. पण लिगियाचं बोट नसारियोच्या रानापर्यंत पोचलं होतं आणि तिथे ठिपकाच नव्हता.

"काका, इथे सेनोते नाही."

"वरनं काय डोंबल दिसतंय? झाडी आहे तिथं."

झाडीखालचंही दिसतं, म्हणत लिगियाने त्याच्यासोबत तिथे यायची तयारी दाखवली. तिने केलेला हा नकाशा उद्या गावच्या सभेत लागायचा होता. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. क्रिसांताने मात्र पिब फडक्यात बांधून त्याच्या हाती दिली.

"तुम्ही व्हा पुढे. पोरीला मी जेवू घालते."

सायकल दिसेनाशी झाली. लिगियाला त्या बाईची फार दया आली. इतकी वर्षं नवऱ्याने हिला फसवावं, याचा तिला संतापही आला.

"काकू, तिथे पाणीच नाही. काका खोटं बोलतात."

"ठाऊक आहे." क्रिसांताने तिच्यापुढे पेन सरकवलं. "तू तिथं एक ठिपका काढ."

"पण का?"

"बापाशी भांडून पोरगा घर सोडून गेला, अन् हे रागाच्या भरात गावाला सांगून बसले, बुडाला म्हणून. आता शब्द कसा फिरवणार? एकदा तिकुलच्या बाजारात मी दोघा बापलेकांना लांबून पाहिलं. एका बाकावर बसून माझी पिब खात होते."