दुसरा ब्रेक

"अजून दोन पेशंट," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पाणी संपवलंत ना मॅडम? मागच्यासारखं करू नका हं."

मागच्यासारखं म्हणजे दोनदा झालं होतं तसं. सोनोग्राफीसाठी पोट फुगेस्तोवर पाणी प्यायचं, तासभर लघवी रोखून बसायचं आणि नंबर जवळ आला की बाथरूममध्ये पळायचं. मग पुन्हा पाणी, पुन्हा ताटकळणं, आणि तेवढ्यात डॉक्टर निघून गेलेल्या. "आवरलंच नाही हो," असं ती दोन्ही वेळा म्हणाली होती. पंधरा वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. सकाळी सहापासून दुपारपर्यंत एकामागून एक नवशिके घेऊन रस्त्यावर फिरणाऱ्या बाईला एवढं आवरत नाही, हे शेंबडं पोरही खरं मानणार नाही. तिच्या गाडीला तिच्या बाजूला एक जादा ब्रेक होता. शिकणारा गाडी कुठेही घालायला निघाला, की तिचा पाय आधीच त्याच्यावर. पंधरा वर्षांत तिने एकदाही गाडी ठोकू दिली नव्हती.

आज तिसरी खेप. हातात लिटरची रिकामी बाटली, आणि उजवा पाय मघापासून फरशी दाबत होता. पाळी आधी तीन महिने आलीच नाही. मग आली ती जायचं नाव घेईना. आजचा एकोणिसावा दिवस. मोबाईलवर तिने नको नको ते सगळं वाचलं होतं, आणि त्यातला एकच शब्द डोक्यात ठाण मांडून बसला होता. "वयच आहे, होतं असं," दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. चिठ्ठीवर मात्र त्यांनी सोनोग्राफी लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बाईंचं बोलणं ती विसरली. रेघा काही विसरल्या जाईनात.

त्याहून वाईट म्हणजे घरी ती सांगून बसली होती, सगळं नॉर्मल आहे म्हणून. पहिल्यांदा पळून आली त्याच दिवशी. ते ऐकून नवरा मटकन खाली बसला. तो इतके दिवस किती घाबरला होता, हे तिला तेव्हा कळलं. मुलगी गळ्यात पडून रडली. आता त्या दोघांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हापासून ती आंघोळीच्या नावाखाली चादरी धुवत होती, आणि नवरा भेटेल त्याला सांगत होता, आमच्या हिचे रिपोर्ट अगदी छान आले.

"आता एकच," काउंटरवरून आवाज आला.

ती उठली आणि तडक बाथरूमकडे निघाली. दारात सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या.

"मावशी, सरका. नाही थांबवत मला."

मावशी सरकल्या नाहीत. त्यांनी पुसणीचा दांडा चौकटीला आडवा लावला. "ओलं आहे."

"पडले तर पडले. सरका हो!"

"मागच्या खेपेला मी बाहेर इथेच उभी होते, ताई," मावशी हळूच म्हणाल्या. "लघवीला एवढा वेळ नाही लागत. रडायला लागतो."

ती भिंतीला टेकली. दोन्ही हातांनी तिने ओटीपोट धरून ठेवलं.

"त्यात काहीतरी निघणार आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मी मरणार आहे, मावशी. आणि घरी सगळे खूश आहेत."

असं होणार नाही, असं मावशी म्हणतील म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी तसलं काही म्हणाल्या नाहीत.

"मला काय कळतंय त्यातलं? मी फरशी पुसते," त्या म्हणाल्या. "ज्यांना कळतं त्या आत बसल्यात."

काउंटरवरून तिचा नंबर पुकारला. त्याच वेळी पर्समधला फोन वाजायला लागला. नवऱ्याचा होता. इथे आली की त्याला ती 'क्लासवर आहे' असं सांगायची. तिने वाजत्या फोनसकट पर्स मावशींच्या हातात कोंबली.

"उचलू? काय सांगू त्यांना?"

तिने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. दारातला दांडा अजून तसाच आडवा होता.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली आणि आत गेली.

आत अंधारलेलं होतं. पोटावरचं जेल बर्फासारखं गार. डॉक्टरांनी यंत्र दाबलं, फिरवलं, पडद्याकडे पाहिलं. एक बटण टक्‌ वाजलं. यंत्र पुढे सरकलं, थांबलं, आणि पुन्हा आधीच्याच जागी आलं. पुन्हा टक्‌. ती डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का बघत होती. कळत काहीच नव्हतं.

दाराबाहेर मावशी मोठ्याने बोलत होत्या. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय असावी.

"हो, हो, इथेच आहेत... नाही हो साहेब, कसला रिपोर्ट? तपासणी झालीच नाही अजून. आत्ता पहिल्यांदाच आत गेल्यात... हॅलो? साहेब? ऐकताय ना?"

"उजवा पाय सैल सोडा बघू," डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पोट ताणलं जातंय तुमचं."

"सोडलाय," ती म्हणाली.

चादरीखाली तिचा पाय जीव खाऊन ब्रेक दाबत होता.