उचललेली पत्रावळ

दिवसभर अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेले नत्थूजी महाल भागातल्या एका निवांत गल्लीत खानावळीशी थांबले. पाटी होती, ‘फक्त ब्राह्मणांसाठी’. आणखी चालायचं त्राण नव्हतं. मालकीणबाईंनी जात विचारली, तेव्हा त्यांनी पाटीवरचीच सांगितली.

वरणभात गरम होता. जेवण झाल्यावर बाकीचे आपली पानं तशीच टाकून उठले. नत्थूजींनी मात्र जन्माच्या सवयीनं स्वतःची पत्रावळ उचलली, जागाही पाण्यानं पुसून काढली. मान वर केली तर बाई समोर उभ्या.

‘जातो मी,’ नत्थूजी पिशवी चाचपत म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हातातली पत्रावळ काढून घेतली.

‘उद्या उचलू नका,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘हे सवय सोडायले मलेही दोन वर्स लागले.’