शनिवारची घळ

वेटसूट कमरेपर्यंत आला आणि तिथेच अडला.

लोरेन गाडीच्या आडोशाला उभी राहून तो वर ओढत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत होती.

“आधी ओला करायचा असतो तो,” शेजारची एक मुलगी म्हणाली.

“मग हे आधी सांगायचं असतं,” लोरेन म्हणाली.

ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स डोंगरांमधल्या त्या घळीत नवशिक्यांना उतरवणारी टेस सगळ्यांची नावं विचारत फिरत होती. तिशीची, उन्हानं रापलेली, हसरी. लोरेननं तिला नीट निरखून घेतलं. दिसायला चांगली होती. चीड आणखी वाढली.

“तुमचं नाव?”

“नोरा.” लोरेननं आपल्या आईचं नाव ठोकून दिलं.

तिच्या नवऱ्याचं, क्लाइव्हचं, लिथगो गावात टायरचं दुकान होतं. पन्नाशी उलटली आणि त्याला अचानक धबधब्यांचं वेड लागलं. वर्षभर दर शनिवारी तो पहाटे निघायचा आणि संध्याकाळी तळवे सोलवटून परत यायचा. ओला दोर न्हाणीघरात टांगायचा. मग जेवायला बसलं की सुरू. मटणावर रस्सा ओतता ओतता तो एकेक कडा उतरायचा.

“दोरावर भार टाकायचा आणि बिनधास्त मागे रेलायचं. बास. भीती काय, मानण्यावर असते.”

“मलाही ने की एकदा.”

“तुला? बल्ब बदलायला शिडीवर चढलीस तरी घेरी येते तुला. आणि आमचा ग्रुप मुरलेल्यांचा आहे, लोरेन.”

हे सगळं ती ऐकून घेत आली होती. पण त्या आठवड्यात त्याचा फोन ओट्यावर राहिला आणि तिनं त्यावरचा निरोप ऐकला.

“क्लाइव्ह, टेस बोलतेय. या शनिवारी मागे फिरायचं नाही हं. मी आहे ना सोबत. आणि बायकोला एवढ्यात काही बोलू नकोस. एकदा होऊन जाऊ दे, मग सांग.”

लोरेननं आरडाओरडा केला नाही. टेस कोण ते शोधून काढलं आणि तिच्या शनिवारच्या नवशिक्यांत नाव घातलं. आधी बाई जवळून बघू, मग नवऱ्याकडे बघू. त्यासाठी हे रबरी कातडं अंगावर चढवावं लागेल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

वाट उभ्या उताराची होती. तिच्या घोट्याला एक जळू चिकटली. मग पाणी सुरू झालं, आणि ते इतकं गार होतं की शिवी अर्ध्यातच गोठली. क्लाइव्ह कुठेच दिसत नव्हता. आपण येणार हे त्याला कळलं की काय, या विचारानं ती आणखी वैतागली.

एका डोहाशी टेस तिच्याबरोबर मागे राहिली.

“लग्न झालंय तुझं?” लोरेननं विचारलं.

“छे. शनिवार-रविवार मी इथे भिजत असते. कोण करणार माझ्याशी?”

“शनिवारी सोबत असेल की कुणीतरी.”

टेस हसली. “असतात की. तुमच्यासारखे.”

लोरेन पाणी तुडवत पुढे निघाली.

घळ एकदम तुटली आणि पाणी खाली झेपावलं. चार मजली इमारतीएवढा कडा. लोरेनची नजर खालच्या पाण्यावरून हटेना. टेसनं तिच्या कमरेचा पट्टा तपासला, दोर अडकवला.

“नोरा, खाली नको, माझ्याकडे बघा. नको वाटलं तर शेजारून पायवाट आहे. त्यात लाज कसली?”

या बाईसमोर पायवाटेनं जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं लोरेनला वाटलं. तिनं दात आवळले आणि मागे रेलली.

खाली पोचल्यावर कितीतरी वेळ ती छातीएवढ्या पाण्यात उभी होती. वरून तुषार येत होते, शेवाळलेल्या भिंती चकाकत होत्या. आपण कशासाठी आलो होतो, ते ती चक्क विसरली होती. आठवलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

एकेक करून सगळे उतरले. टेस मात्र वरच राहिली. कड्याच्या टोकाशी तिच्याबरोबर आणखी एक जण दिसत होता, लाल हेल्मेट घातलेला. सकाळी तो त्यांच्यात नव्हता.

“तो कोण?” तिनं खाली दोर सांभाळणाऱ्या हेमीला विचारलं.

“आमचा शनिवारवाला.” हेमीनं आवाज खाली आणला. “पायवाटेनं थेट माथ्यावर येतो. दोर बांधतो, टोकाशी बसतो, आणि आल्या वाटेनं परत जातो. वर्ष झालं. टेस काही हार मानत नाही, आणि तोही यायचा थांबत नाही.”

“वर्षभर? एकदाही उतरला नाही?”

“एकदाही नाही. आजही बघा, बसलाच.”

लाल हेल्मेटवाला खरंच गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दिवसभरात पहिल्यांदाच लोरेनला कुणाची तरी कीव आली. तिनं तोंडाभोवती हात धरले. घळीच्या भिंतींनी तिचा आवाज वरपर्यंत नेला.

“अहो, लाल हेल्मेट! मीसुद्धा पहिल्यांदाच आलेय. शिडीवर चढले तरी घेरी येते मला. माझा नवरा दर शनिवारी असले कडे उतरतो आणि आठवडाभर माझं डोकं खातो. त्या बढाईखोराला जमतं, तर तुम्हाला न जमायला काय झालं?”

वरचा माणूस ताडकन उठला. कड्याच्या टोकाशी येऊन तो खाली वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग पाठ फिरवून त्यानं दोर दोन्ही हातांत घेतला.

“बाजूला हो, लोरेन,” तो वरून ओरडला. “येतोय मी.”