मेजावरचं लाल फळ

"हे सुख आपल्या पूर्वजांच्या नशिबी नव्हतं," टोमॅटोच्या रश्शात माखलेला पास्ता काट्याला गुंडाळत प्रोफेसर व्हेनान्झी म्हणाले.

"का हो साहेब? त्यांना दात नव्हते?" खाणावळवाल्या झेलिंदाने विचारलं.

"टोमॅटो नव्हता, बाई! कोलंबस अमेरिकेला जाऊन आला, त्यानंतर तो इकडे आला. त्याआधी साऱ्या इटलीत कुणी टोमॅटो डोळ्यांनी पाहिलेला नाही."

शेजारच्या बाकावर चर्चचा सेवेकरी एर्मेते पावाने ताटली पुसून घेत होता. त्याचा हात थांबला. "राजानेसुद्धा नाही?"

"पोपनेसुद्धा नाही," प्रोफेसर म्हणाले. अडाण्यांना शहाणं करून सोडायची त्यांना भारी हौस, आणि रोकासेल्वा हे गाव त्यांच्या मते त्या कामाला अगदी लायक होतं.

ते आले होते गावाचं एकुलतं एक वैभव न्यायला. चर्चच्या भिंतीवर १४४८ साली कुणा चित्रकाराने प्रभूचं शेवटचं भोजन रंगवलं होतं. शिष्य म्हणून त्याने गावातलीच माणसं समोर बसवली. पेत्राचं नाक अजून लोहाराच्या घरात जन्माला येतं. अंद्रिया झेलिंदाच्या माहेरचा. प्रभूचा घात करणारा यहूदा कोणाचा, यावरून मात्र दोन घरांत आजतागायत बोलणं नाही. शहरात नवी चित्रशाळा उघडायची होती आणि तिच्या मुख्य दालनात हे चित्र हवं होतं. सरकारी हुकूम निघाला होता. उद्या कामगार चित्रावर सरसात भिजवलेलं कापड चिकटवणार आणि भिंतीवरून ते सोलून काढणार. चित्र नेऊ नये म्हणून पाद्रीबाबांनी चार अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

प्रोफेसरांनी अजून चित्र पाहिलं नव्हतं. ते पोचले तेव्हा ऊन कललं होतं, आणि चर्चमध्ये उजेड यायचा तो सकाळीच. खाणावळीबाहेर पडताना त्यांनी दारावरच्या पाटीकडे मान वर केली. पाटीवर द्राक्षांचा घोस होता, टपोरा, तोडून तोंडात टाकावासा.

"कुणी रंगवला हो? हात बरा आहे."

"आहे आमच्यातलाच एक," झेलिंदा म्हणाली.

सकाळी ते चर्चमध्ये शिरले तेव्हा सगळा गाव आधीच येऊन उभा होता. ऑगस्ट महिना. घरोघरी हिवाळ्यासाठी टोमॅटो आटवणं चाललेलं, त्यामुळे बायकांची बोटं लाल, एर्मेतेचीही लाल. तो जांभयांवर जांभया देत होता.

"शेवटचं नीट बघून घ्या," प्रोफेसर म्हणाले. "हे रंग ओल्या गिलाव्यावर दिलेत. भिंतीतच मुरलेत. शंभर वेळा धुतले तरी जायचे नाहीत. अशी कला आता राहिली नाही."

ते शिडीवर चढले. हातात भिंग, काखेत जुन्या पाहणीचा कागद. 'मेजावर: पाव, मासे, लाल फळं.' पाव होता. मासे होते. मग भिंग अंद्रियाच्या पुढ्यात आलं आणि तिथेच थांबलं.

गोल, गुबगुबीत, लालबुंद. वर हिरवा देठ, चांदणीसारखा. पोटावर उजेडाचा ठिपकासुद्धा. टोमॅटो.

प्रोफेसरांनी कोपऱ्यातलं साल पुन्हा वाचलं. १४४८. कोलंबस तेव्हा पाळण्यातसुद्धा नव्हता! त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. हे चित्र दालनात लागलं असतं, समोर मंत्री उभे असते, आणि एखाद्या दीडशहाण्याने बोट दाखवलं असतं, तर? सगळी इटली हसली असती. पण वाचलो! आपल्या नजरेने वाचवलं! शिडीवरून ते उतरले ते छाती काढूनच.

"हे चित्र बनावट आहे," त्यांनी जाहीर केलं आणि कारण सांगितलं.



"साहेब," एर्मेते खालच्या आवाजात म्हणाला, "एकदा ओला बोळा फिरवून बघता का? धूळबीळ असेल."

लोहाराला जोराचा ठसका लागला. पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले.

"धूळ?" प्रोफेसर गरजले. "टोमॅटोच्या आकाराची? देठासकट? मला शिकवतोस?"

झेलिंदाने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदा हलायला लागले. मग शेजारणीचे, मग मागच्या रांगेतल्या सगळ्यांचेच. प्रोफेसरांचं मन द्रवलं.

"रडू नका हो. तुमचा काय दोष? तुमच्या आज्या-पणज्यांना कुणीतरी गंडवलं. राहू द्या इथेच, प्रार्थनेला चालेल."

"साहेब, तेवढं लिहून द्या," एर्मेते हात जोडून म्हणाला. "नाहीतर उद्या दुसरे कोणी येतील आणि उगाच त्यांनाही त्रास."

प्रोफेसरांनी ऐटीत लिहून दिलं: 'बनावट. हलवण्यास अपात्र.' खाली सही केली, शिक्का मारला. झेलिंदाने त्यांना वाटेत खायला पाव आणि चीज बांधून दिलं, शिवाय गावातर्फे टोमॅटोच्या रश्शाच्या दोन बरण्या. एवढी साधी माणसं, प्रोफेसरांना अगदी भरून आलं. कामगारांना, शिड्यांना आणि सरसाच्या पिंपाला घेऊन गाड्या उतारावरून निघाल्या.

शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत चर्चमधून कुणी हललं नाही. मग एर्मेतेने तो कागद दाराशी खिळ्याला टांगला, झेलिंदाने आणलेल्या बादलीत बोळा बुडवला आणि चर्चची जुनी शिडी लावून वर चढला. बोळा दोनदा फिरला. लाल रंग ओघळून बादलीत गेला आणि अंद्रियाच्या पुढ्यात साडेचारशे वर्षांपूर्वीच्या सात चेरी पुन्हा चमकू लागल्या.