आजीचा कान

सुनेला पोटची पोर पुढे गेलेली बघवत नाही, हे आजीचं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं.

"नात व्हायोलिन खांद्याला लावते आणि हिला नेमकी तेव्हाच पातेली घासायची सुचतात," ती म्हणायची. "एरवी ओठ शिवल्यासारखी असते. आता शिंका काय, दारं काय, झाकणं काय!"

त्यात खोटं काही नव्हतं. घर म्हणजे पुढे वाद्यं दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मधली भिंत नुसती फळ्यांची. दुकानात आजीचा मुलगा फुटक्या व्हायोलिनला सरस लावून चापात अडकवायचा आणि बायकांच्या भांडणात मिठाची गुळणी धरून बसायचा.

नातीला बाहेरगावी, संगीताच्या कॉलेजात जायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. तिथे आधी रेकॉर्डिंग पाठवायचं. ते पसंत पडलं तरच समोर वाजवायला बोलावणार. संथ भाग आणि जलद भाग एका दमात वाजवायचे, मध्ये कापाकापी चालणार नाही. म्हणजे शेवटच्या सुराला झाकण पडलं, की पुन्हा पहिल्यापासून.

शिकवणाऱ्या बाईंनी कॉलेजं सुचवली होती. दोन फार मोठी, काही मधली, आणि एक बसनं जाऊन-येऊन करता येईल असं जवळचं. आजीला वाचायला जड जायचं. तिनं नातीकडून सगळी नावं मोठ्यानं वाचून घेतली.

"मोठी दोन ठेव. बाकीची काट."

"आजी, बाई म्हणाल्या, हाताशी एखादं सोपं असावं."

"पडायच्या आधी गादी घालणारा पडतोच. काट."

सून दारातून म्हणाली, "जवळच्या ठिकाणी तरी करू द्या ना अर्ज, आई."

"ऐकलंस? हिला तुला पदराला बांधून ठेवायचंय. वाघीण मांजरांच्या शाळेत घालायची म्हणते!"

नात खुदकन हसली. जवळचं कॉलेजही गेलं.

आजीच्या कानाबद्दल मात्र कोणाचं दुमत नव्हतं. नवऱ्याच्या हयातीपासून दुरुस्त झालेलं वाद्य तिनं मान हलवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. तारांखालची घोडी केसभर सरकली असली तरी ती पाठमोरी सांगायची. नात तिच्या कानावर डोळे मिटून विश्वास ठेवायची.

रेकॉर्डिंग सुरू झालं तशी आजीनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि सुनेवर पहारा दिला. फ्रिज बंद, पंखा बंद, दुकानातला रंधाही बंद. तरी सुनेला ठसका लागायचा. हातातून डाव निसटायचा.

"आई, तू मुद्दाम करतेस!" नात रडकुंडीला येऊन ओरडायची.

सून नाही म्हणायची नाही.

मग एका दुपारी कुठलाच आवाज झाला नाही. संथ भागात गज असा काही फिरला, की दुकानात मुलाचा हात होता तिथेच थांबला. सुनेच्या हातातलं ताट हातातच राहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. जलद भाग संपला तेव्हा नात धापा टाकत होती.

"आजी?"

आजी डोळे मिटून बसली होती.

"गोड आहे," ती म्हणाली. "गोडाला मुंग्या लागतात. पुसून टाक."

"पुसून? राहू दे ना बाजूला."

"चुकलेलं जवळ ठेवलं की हात त्याच्याच मागे धावतो. पूस म्हणते ना."

नातीनं पुसलं.

त्यानंतर ती वाजवत राहिली. बोटांच्या टोकांना फोड आले, मान आखडली. पाठवायच्या शेवटच्या दिवशी जे वाजलं, त्यात वरचा सूर उतरल्यासारखा तिला वाटला.

"उतरला नाही गं, पोरी. माणसाचा सूर आहे तो. यंत्रासारखं वाजवणाऱ्या तिथे पायलीच्या पन्नास येतील. हेच पाठव."

नातीनं आजीच्या गळ्यात हात टाकले आणि पाठवलं.

दोन्हीकडून नकार आला. समोर वाजवायलासुद्धा कोणी बोलावलं नाही.

नात आजीच्या मांडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडली. "तूच एक माझ्या बाजूची होतीस," म्हणाली. आईकडे तिनं पाहिलं नाही. आपलं व्हायोलिन पेटीत घालून तिनं दुकानातल्या विकाऊ वाद्यांत नेऊन ठेवलं आणि बापाशेजारी गिऱ्हाइकं बघायला बसली.

सून स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. अन्नाला शिवली नव्हती.

"माझंच पाप, आई," ती म्हणाली. "ती लांब जाणार म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी भांडी आपटली. पोरीचं वाटोळं मी केलं."

आजीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग खुर्ची पुढे ओढून तिच्यासमोर बसली.

"तू? तुझी ऐपत आहे का गं तेवढी? भांडी आपटून कोणी घरात राहतं होय? उलट पाय लावून पळतं. ती गेली असती तर या घरात माझ्याशी बोलायला कोण उरलं असतं, तू? त्या दुपारचं वाजवणं पाठवलं गेलं असतं तर दोन्हीकडचे तिला हात धरून घेऊन गेले असते. जा, सांग तिला. बघू कोणाचं खरं मानते. असलं सोनं तिच्याच हातानं पुसायला लावायचं, तर छाती लागते, बाई. ती तुझ्यात नाही."